झाडूच्या टोकावरची म्हैस

बटणकाकांचा रंग कोबीच्या आतल्या पानासारखा होता. होणारच! एकतीस वर्षं तारांगणाच्या घुमटाखाली बसून भर दुपारी रात्र करायची आणि पाऊण तासाने पुन्हा सकाळ करायची, हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्याला ऊन लागणार कधी? बायको म्हणायची, "बघायला आले तेव्हा चांगले सावळे होते. फसवलं मला!"

घुमटाच्या मधोमध ते यंत्र. काळं, गोल, अंगभर भोकं पडलेलं. आत दिवा लागला की प्रत्येक भोकातून एकेक तारा वर जाऊन बसायचा. काकांसमोर बटणांची फळी, तोंडाशी माइक आणि हातात एक बॅटरी. तिच्यातून उजेडाचा बाण निघायचा. घरी रिमोटची बॅटरी उलटी घालणारा हा माणूस, इथे मात्र राजा.

खेळ ठरलेला. "हे बघा सात तारे," काका सांगायचे. "कुणी म्हणतं सात ऋषी, कुणी म्हणतं अस्वल, कुणी नांगर. आणि कुणी म्हणतं, ही म्हातारीची बाज, आणि हे तिघे ती पळवणारे चोर." पोरं खिदळायची. मग बाण पलीकडच्या झुबक्यावर. कुठे त्या सात बहिणी, कुठे कोंबडी आणि तिची पिल्लं, कुठे चक्क चाळणी. "आकाश एकच, पण ज्याच्या घरात जे, ते त्याने वर नेऊन ठेवलं."

आणि शेवटी म्हैस. तिथे आले की काकांचा आवाज उगाच भरभर पळायचा. "आणि ही, डोंगरातल्या लोकांची हरवलेली म्हैस." बाण एका ठसठशीत ताऱ्यावर टेकायचा न टेकायचा तोच उचललेला. झाली सकाळ, चला घरी.

या घाईचं कारण वीस वर्षं पोटात ठेवलेलं होतं.

काका नवे होते तेव्हा घुमट झाडायला एक मावशी यायची. डोंगरातली, तोंडाने फटकळ. सकाळी काका यंत्र तपासायला तारे लावायचे आणि मावशी त्या ताऱ्यांखाली झाडू मारायची. एकदा थांबली, झाडू उलटा धरून वर केला.

"बटणदादा, ती बघ आमची म्हैस. हरवलेली. घरचे सगळे कंदील घेऊन शोधायला निघालेत."

काकांनी झाडूच्या टोकाच्या रेषेत पाहिलं. मोठा तारा दिसला. तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं, झालं. मग ती म्हैस खेळात आली, तारांगणाच्या आकाशाच्या तक्त्यावर छापली गेली, तक्ता शाळाशाळांत गेला आणि मोठ्या साहेबांनी बटणदादाची पाठ थोपटली. बढतीसुद्धा मिळाली, हो!

मावशीने खेळ मात्र कधी पाहिला नव्हता. खेळाच्या वेळी ती बाहेर जिने पुसायची. नोकरीच्या शेवटच्या दिवशी काकांनी तिला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं. दिवे लागल्यावर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अरे बटणदादा, म्हैस म्हणून काय दाखवलंस? तो तर धाकट्या दिराचा कंदील!"

"मग म्हैस?"

"मधे. ते काळं आहे ना कंदिलांच्या मधे, चांदणी नाही तिथे. काळी आहे म्हणून तर सापडत नाही! तुला, मेल्या, दिव्यांशिवाय काही दिसतच नाही."

काकाही हसले. "पुढच्या छपाईत बदलतो, मावशी. नक्की."

तीन छपाया झाल्या. तिन्ही वेळा कच्चा कागद काकांच्या टेबलावर आला, तिन्ही वेळा त्यांनी 'ठीक' लिहून सही केली. बढतीचं काय सांगणार? साहेबांना काय सांगणार? तेवढ्यात मावशी गेल्याचं कळलं आणि विचारणारंच कुणी उरलं नाही.

असं काकांना वाटलं.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एक तरुण बाई चाळीस मुलांची रांग घेऊन आल्या. मुलं आत बसत होती तेव्हा बाई फळीपाशी येऊन म्हणाल्या, "काका, माझी आजी इथे झाडायची. म्हैसवाली."

काकांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "मावशीची नात?"

"हो ना! आमच्या वर्गात तुमचा तक्ता होता. आणि आजी सांगायची, म्हैस अंधारात आहे. मी तिला तक्त्यापुढे उभी केली होती, माहितेय? म्हटलं, आजी, छापलंय बघ इथे, तुला काही कळत नाही. चौथीत होते, भारी शहाणी!" बाई हसल्या. "मग तिने गोष्ट सांगणंच सोडलं. म्हणायची, तुमच्या तक्त्याला विचारा."

"चौथीत म्हणजे... तिने नोकरी सोडल्यानंतर?"

"दोनेक वर्षांनी."

काकांनी हिशेब केला आणि केला नसता तर बरं, असं त्यांना झालं. पहिली नवी छपाई त्याच्या आधीची, म्हणजे वर्गातला तक्ता बरोबर असू शकला असता.

दिवे मालवले. अस्वल झालं, बाज झाली, चाळणी झाली. बाण ठसठशीत ताऱ्यापाशी आला आणि थांबला.

"मुलांनो," काका म्हणाले, "ही म्हैस नाही. हा कंदील आहे. म्हैस इथे." त्यांनी बाण काळ्या जागेत नेला, पण बाण गेला की तिथे उजेडच उजेड. दोनदा करून पाहिलं. शेवटी बाण विझवला. "जिथे काहीच नाही, तिथे बघा. तक्त्यात चुकीचं आहे. चूक माझी."

मुलं ओरडली, "दिसली! ते बघ शिंग!"

सकाळ केल्यावर बाई फळीपाशी आल्या. या वेळी हसत नव्हत्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. ओठापर्यंत आलंही होतं.

"मावशीच्या शेवटच्या दिवशी. तिनेच सांगितलं."

बाईंनी बटणांच्या फळीवर हात टेकला. मग म्हणाल्या, "आणि म्हैस सापडते का शेवटी?"

"ते मी विचारलंच नाही."

"मी तिला सांगू दिलं नाही," बाई म्हणाल्या.

दाराशी भिंतीवर तक्ता होता, बाईंनी तो स्वतः खाली काढला आणि काकांपुढे ठेवला. काकांनी खिशातलं निळं पेन काढून ताऱ्याजवळची 'हरवलेली म्हैस' खोडली, शेजारच्या काळ्या छपाईत पुन्हा लिहिली. काही उमटलं नाही. जोर देऊन गिरवलं, तरी नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "खोडलेलं दिसतंय. मुलं विचारतील, मग सांगेन मी. तुमच्यासकट सांगेन."

"सांगा," काका म्हणाले.

तक्ता गुंडाळून बाई मुलांमागे जिना उतरल्या. काका कोठारात गेले. न विकलेल्या तक्त्यांचा गठ्ठा तिथे कंबरेएवढा होता. त्यांनी खाली बसकण मारली, दोरी सोडली आणि पहिला तक्ता मांडीवर घेतला.