कशावरून मॅडम

आमच्या पालिकेच्या आरोग्य विभागातल्या डॉक्टर मॅडमना सगळे पाठीमागे ‘कशावरून मॅडम’ म्हणत. कोणी काहीही सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून त्या विचारायच्या, ‘‘कशावरून?’’ पनवेलच्या मासळी बाजारातही तेच.

‘‘म्हावरं ताजं हाय, बाई.’’

‘‘कशावरून?’’

कोळणीने कल्ला उघडून दाखवला. ‘‘ह्यो बगा, लाल हाय. आनि तुमी डाक्टर कशावरनं?’’

मॅडम इतक्या हसल्या की भाव करायला विसरल्या.

बैठकीत मात्र कोणी हसत नसे. डेंग्यू वाढला की नगरसेवक धुराची गाडी मागायचे. मॅडम सांगायच्या, धुराने उडते डास थोडेफार मरतील, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतील. घरोघरी माणसं पाठवा, पिंपं आणि टाक्या उघडून बघा.

‘‘मॅडम, लोकांना धूर दिसतो. अळ्या बघायला कोण जातंय?’’

‘‘दादा, डास मतदानाला येत नाहीत.’’

गाडी मंजूर व्हायची. इतिवृत्त मी लिहायचो. त्यांचं म्हणणं मला पटलेलं असायचं, आणि मी मान खाली घालून लिहीत राहायचो.

त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. बाकीची भावंडं केव्हाच इस्रायलला गेली होती. इथे त्या आणि धाकटी बहीण, दोघीच. मॅडम निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात त्यांचा फोन आला. बहीण डेंग्यूने अतिदक्षता विभागात होती.

‘‘आमच्या गल्लीत धुराची गाडी पाठवशील?’’

मी गाडीचं वेळापत्रक पुढे ओढलं. त्याच म्हणाल्या, ‘‘कशावरून ते विचारू नकोस. काहीतरी होताना दिसू दे मला.’’

मी गाडी पाठवली, मागोमाग स्वतः गेलो. गॅलरीत त्या धुरात उभ्या होत्या, पदरसुद्धा नाकाला न लावता. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथे पाणी कुठे साठलंय ते बघायला त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी टाक्या न बघताच परत फिरलो.

बहीण गेली. पुढच्या आठवड्यात मॅडमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा मी त्या बांधकामावर गेलो. टाकी उघडी होती, अळ्यांनी वळवळत होती. मुलगी वाचली, एवढंच.

मॅडमही भावाकडे जायला निघाल्या. मी बॅगा खाली आणून दिल्या. रिक्षात बसता बसता त्यांनी विचारलं, ‘‘त्या दिवशी गाडीबरोबर टाक्याही बघितल्या असशील ना रे?’’

‘‘हो, मॅडम.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर गेला नाही. ‘‘बरं केलंस,’’ म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.