दुरंगी खडा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल एका आयटीवाल्याच्या संग्रहात लिंबाएवढा स्फटिक दिसला, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. तोच खडा.

तेव्हा आयात नुकतीच खुली झाली होती; असला परदेशी खडा आम्ही कुणी पाहिला नव्हता. येरवड्याचे कारागीर दिनकरराव त्याला पैलू पाडून आमच्या पेढीवर आले. मी तिथला रत्नपारखी.

“दोन तुकडे छान चिकटवलेत. डिंक कुठला?” मी म्हणालो. गिऱ्हाईकं हसली.

“अहो, पाण्यात बुडवून बघा, सांधा दिसतो का.”

“पाणी कशाला नासवू?”

खडा तिथेच ठेवून ते गेले. मग मी तो पाण्यात सोडला. मी गप्प राहिलो. ती थट्टा बाजारभर झाली; त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही.

दोनदा त्यांच्या दारावरून परतलो. आता ते नाहीत. “दिनकरराव, सांधा नव्हता. मी त्याच दिवशी पाहिलं होतं. माफ करा,” एवढंच म्हणायचं होतं.