ताकदीची सुई

"आदी रेडकू, मग गिऱ्हाईक. थांबा की पावणं!" असं म्हणत आमचा गवळी एका हातानं रेडकू म्हशीच्या कासेला लावायचा आणि दुसरा हात पहिल्या गिऱ्हाइकासमोर आडवा धरायचा. गिऱ्हाईक मोटारीतून उतरलेलं असो की सायकलवरून, हात तसाच. रेडकाचं पोट भरल्याशिवाय तो चरवी हातात घेत नसे.

आमच्या शिवाजी पेठेतला दूधकट्टा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी उभ्या करतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं, पेन्शनर, सगळे उभ्याउभ्या पितात. माझं औषधाचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे गल्ल्यावर बसून मी त्याला वर्षानुवर्षं बघत होतो. रुंद छाती, झुपकेदार मिशी, मांडीएवढे दंड. सगळे त्याला वाघ म्हणत. जुनी गिऱ्हाइकं नव्याला सांगत, "दूध कसलं हाय इचारू नगंस, गवळ्याकडं बघ." म्हणजे दुधाची जाहिरात तो स्वतःच होता.

पान्हा सुटावा म्हणून काहीजण म्हशीला इंजेक्शन टोचतात. त्याचं नाव काढलेलंही याला खपत नसे. "माझ्या म्हशीला सुई न्हाय," हे मात्र तो छाती काढून सांगायचा. एरवी अबोल.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. मग आपल्याकडे काय होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, तपासण्या झाल्या, जोतिबाला नवस झाला, सासूनं उठताबसता टोमणे मारले. त्याला तपासून घे असं कुणीच म्हटलं नाही. वाघाला कोण सांगणार?

त्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. मोबाईलवर जाहिराती येतच असतात. थकवा आहे का, उत्साह नाही का, पुरुषी हार्मोन तपासा! अंधारात उठून दिवसभर शेण-चारा करणारा माणूस थकणार नाही तर काय करणार? पण तो गेला. पेठेतलं कुणी बघू नये म्हणून तोंडाला मफलर गुंडाळून, स्टँडपलीकडच्या एका क्लिनिकमध्ये. तिथं काय त्रास आहे असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, "अंगात ताकद न्हाय." मूल हवंय हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. रक्त काढलं, हार्मोन कमी आहे म्हणाले आणि सुया सुरू केल्या.

त्याला मी हसणार नाही. माझ्या दुकानात रोज बघतो ना. आधी खोकल्याचं औषध मागतात, शेजारचं गिऱ्हाईक गेलं की आवाज उतरवून खरं काय ते मागतात. असल्या लाजेवर किती डब्या, किती गोळ्या, किती क्लिनिकं जगतात म्हणून सांगू! डबीवर घोडा छापला की पुरे.

सुयांनी दंड आणखी भरले. चेहरा लालबुंद झाला. कट्टा खूश. आणि एका संध्याकाळी दुकानात कुणी नाही असं बघून तो आला, खिशातून रिकामी बाटली काढून म्हणाला, "काका, ही कसली सुई हाय वो? लई दिस घेतोय. अजून काय न्हाय."

"काय न्हाय म्हणजे काय?"

त्यानं बाटली काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "पोर."

बाहेरून हे हार्मोन दिलं की शरीर आपलं काम थांबवतं, बीजच तयार होत नाही, हे त्याला कसं सांगू? सांगितलं. तो खाली बसला, चक्क पायरीवर. मी त्याला चांगल्या डॉक्टरकडे पाठवलं. ते म्हणाले, सुई बंद करा, धीर धरा, पुन्हा सुरू होण्याची आशा आहे. त्याच रात्री त्यानं बायकोला सगळं सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी स्वतःहून सांगितलं वो काका." इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सुई बंद झाली आणि माणूस उतरला. दंड सैल पडले. धार काढताना दम लागू लागला. विनाकारण डोळे भरायचे. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, पण कट्ट्याला कुठे माहीत? "काय वो वाघ, म्हस आटली का तुमी आटलासा?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे खदखदून हसले. तोही हसला. मला ते हसू बघवलं नाही.

काही महिन्यांत दंड पुन्हा फुगले, चेहरा पुन्हा लाल. मी त्याला दुकानात ओढून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो.

"सोडवत न्हाय काका," तो म्हणाला. "पोर हुईल तवा हुईल. कट्टा रोज हाय."

पावसाळा संपता संपता तो धार काढतानाच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्या सुयांनी रक्त फार घट्ट झालं होतं, हृदयात गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला आम्ही सगळे कट्टेकरी मिळून गेलो. अंगणात सतरंजीवर बसलो. कुणीतरी गळा काढून म्हणालं, "वाघ गेला आमचा!" दुसऱ्यानं री ओढली, "काय गडी हुता! असली बॉडी परत हुणं न्हाई."

दाराच्या चौकटीला टेकून वहिनी ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "वाघ वाघ म्हणून तुमीच मारलासा त्यास्नी. पोर पायजे हुतं वो. तेवढं एक कुणाला सांगायची सोय ठेवली न्हाईसा तुमी."

मग त्या आत गेल्या. आम्ही उठलो, आणि एकमेकांकडे न बघता चपला शोधू लागलो.