सोमाजीभाऊला लिफ्ट लागत नाही

माजरीच्या रस्त्यावर सोमाजीला कुणी गाडीवर घेत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, ही सवय त्यानेच गावाला लावली. कोळसा खाणीत नोकरी होती तेव्हा हा गडी घरून ड्युटीवर पळत जायचा आणि पळतच परत यायचा. कुणी मोटरसायकल थांबवली की हात हलवून म्हणायचा, "जा बे पुढं, मी तुह्या आधी पोचतो." तीस वर्षं हेच. शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं, आणि याला त्याचाही अभिमान!

बायको कांता होती तोवर या अभिमानाला लगाम होता. "पाय हायेत का इंजन?" म्हणत ती संध्याकाळी त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची. ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगा अश्विन पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन आणि दर रविवारी सोमाजीचं एकच उत्तर, "एकदम फिट. तू कायले येतं? सुट्टी वाया नको घालवू." गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा त्याने "छोटंसंच हाय" म्हणून निभावलं. दवाखान्यात सही करायला शेजारचा लटारू आला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने पळायचं नाव काढायचं नाही. फक्त चालायचं, तेही चिंचेच्या झाडापर्यंत. सोमाजी चालू लागला. पळताना श्वासाचीच सोबत असायची. चालताना मात्र बाजूला कुणी नाही हे पावलोपावली कळायचं, आणि त्या रिकाम्या घरी परतणं नकोसं व्हायचं.

त्या मंगळवारी जित्याची खोड उफाळून आली. चिंचेशी न वळता तो थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला. परतताना गुडघा टम्म फुगला, पाऊल उचलेना. एक गाडी आली, त्याने हात केला. गाडीवाल्यानेही हात केला आणि गेला. दुसऱ्याने "वा, सोमाजीभाऊ!" अशी आरोळी ठोकली. तिसरा हेमराज, खाणीतला जुना सोबती. तोही हसत हात हलवून पुढे निघाला, तेव्हा सोमाजीला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

"अबे हेमराज, थांब ना! मले घरी सोड!"

हेमराजने करकचून ब्रेक मारला. "मले वाटलं, तुम्ही नेहमीसारखे 'जा' म्हणून राह्यले."

घरी आल्यावर पाय उशीवर ठेवून सोमाजीने पुण्याला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून अश्विन दचकला. "बाबा? सगळं ठीक ना?"

"एकदम फिट" जिभेवर आलंच होतं. सोमाजीने ते गिळलं.

"नाई बेटा. मले एकट्याले जमून नाई राह्यलं. येतं का?"

अश्विन म्हणाला, "आजच गाडीत बसतो. बाबा, मले वाटे, तुमाले कोणाची गरजच नाई."

सोमाजीने डोळे पुसले. "मलेबी तसंच वाटे," तो म्हणाला.