अर्धा चुडा आणि कोर्टाने दिलेली वाट

धाराशिवहून सुटलेल्या एसटीचं टायर भूमच्या अलीकडेच फुटलं आणि एप्रिलच्या उन्हात मी बाभळीखाली ताटकळत उभी राहिले. निवृत्त होईपर्यंत पुण्यात मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना या भागातल्या एका गावाचा निकाल शिकवला: गावातलं बहुमत कितीही मोठं असो, मूठभर मुसलमान घरांची कब्रस्तानाची वाट त्याला अडवता येणार नाही. ती वाट एकदा डोळ्यांनी पाहायची होती. भूमच्या स्टँडवर खव्याचा पेढा खाल्ला (तो मात्र फक्कड), जीप धरली आणि त्या गावात उतरले. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, उगाच मिरवतील.

वेशीपाशीच पाटी होती: 'न्यायालयाच्या आदेशाने रस्ता सर्वांसाठी खुला'. आणि पाटीमागे रस्ताभर कडब्याची गंजी (ज्वारीच्या वाळक्या ताटांची रास). नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

सरपंच स्वागताला हजर. "मॅडम, आमी कोर्टाला लई मानतो. पाटी आमीच लावलीय."

"आणि कडबा?"

"त्याचा ग्रामसभेत ठराव झालाय, हात वर करून. समदं गाव एका बाजूला, तीन घरं एका बाजूला. लोकशाही हाय ना?"

म्हणजे या शहाण्यांनी कोर्टाचा निकालच मताला टाकला होता! मी म्हटलं, "मग उद्या सूर्य पश्चिमेला उगवावा म्हणूनही हात वर करा." तो नुसता हसला. कोडगेपणा म्हणजे किती!

त्या तीन घरांतलं एक खैरूनबीचं. ती मणेरीण, म्हणजे बांगड्या भरणारी. दारातच खाटेवर तिचा नवरा धापा टाकत पडलेला. डॉक्टरांनी हात टेकलेले. तिनं मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाली, "पावसाळ्यात दिराचा जनाजा (अंत्ययात्रा) वढ्यातनं न्यावा लागला. खांदेकरी घसरले. मयत चिखलात पडलं, बाई. यांचं तसं होऊ देणार न्हाय म्या."

तेवढ्यात सरपंचाची आई आली. दुसऱ्या दिवशी नातीची हळद होती, म्हणून चुड्याचं बोलावणं. त्या घरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा खैरूनबीच्याच घरातला हात भरत आलाय, आणि भरून झाला की नवरी त्या हाताला नमस्कार करते. नमस्कारही करायचा आणि वाटही अडवायची, वा रे वा!

"येते की," खैरूनबी म्हणाली. "कडबा हलला की येते."

"अगं, चुड्याचा नि कडब्याचा काय संबंध?"

"ठराव केलाय म्या. माझ्या घरात बहुमत माझंच हाय."

म्हातारी तरातरा घरी गेली. 'भूमहून दुसरी मणेरीण आणू' असं सरपंच म्हणाला असावा, कारण लगेच वेशीपर्यंत ऐकू आलं, "माझा चुडा खैरूनबीच्या सासूनं भरलाय! नातीला परका हात लावू देणार न्हाय!" दिवस मावळायच्या आत कडबा हलला. ठराव, लोकशाही, कुणाला काही आठवलं नाही. न्यायमूर्तींना जे जमलं नाही, ते आईच्या एका ओरडण्यानं झालं.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या मांडवात खैरूनबीनं नवरीच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि पेटी मिटली.

"अन् डावा?" सरपंचाच्या तोंडचं पाणी पळालं.

"सकाळी. वाट मोकळी दिसली तर."

"आणि लग्नानंतर पुन्हा कडबा टाकला तर?" मी मुद्दाम सरपंचासमोरच विचारलं.

"टाकू द्या की. पोरगी डोहाळजेवणाला येईलच. तवा बी हिरव्या बांगड्याच लागत्यात."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले तरी राग उतरेना. कोर्टानं दिलेला हक्क खैरूनबीनं दर लग्नाला नव्यानं मागून घ्यायचा, आणि गावानं मात्र पाटी लावून कायदा पाळल्याचा टेंभा मिरवायचा! सकाळी निघताना जे ऐकलं, तेच कानात घुमत होतं. खैरूनबी कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत चालत जाऊन वाट बघून आली होती. खाटेवरून नवऱ्यानं विचारलं, "खुली हाय का?"

"आज हाय," ती पेटी उचलत म्हणाली. "पण तुमी घाई करू नका. अजून डावा हात भरायचाय."