इथे आवाज गेला

रविवारी संध्याकाळी वामनसर रेडिओसमोर बसायचे ते परीक्षेला बसल्यासारखे. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, समोर फूलस्केप कागद, दोन टोकदार पेन्सिली आणि डावा हात रेडिओच्या बटणावर. युरोपात तेव्हा दुपार असायची आणि मोटारींची शर्यत चाललेली असायची. इकडे सौंसरात आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत सर तिचं इंग्रजी वर्णन ऐकून मराठीत उतरवून घ्यायचे. शॉर्टवेव्हचा आवाज मध्येच खरखरायचा, बुडायचा. मग सर पेन्सिल खाली ठेवून हाताची घडी घालायचे. आवाज परत आला की कागदावर चार बोटं जागा सोडून पुढे लिहायला लागायचे. सोमवारी स्टेन्सिल कापताना ती जागा मी तशीच कोरी सोडायची आणि तिच्याखाली टाइप करायचं, ‘इथे आवाज गेला.’

पत्रकाचं नाव ‘वेगवार्ता’. एकच कागद, दोन्ही बाजूंनी सायक्लोस्टाइल केलेला. जगभर फिरणाऱ्या त्या शर्यतींची मराठी बातमी सौंसरहून निघते हे ऐकून लोक हसायचे. मीसुद्धा हसले होते. मी तिथे टायपिंग शिकायला गेले, परीक्षा पास झाले आणि सरांनी मलाच शिकवायला ठेवून घेतलं. त्या दिवसापासून ते मला ‘बाई’ म्हणायला लागले. बावीस वर्षांच्या पोरीला बाई! घरी आई तोंडाला पदर लावून हसायची.

आणि हे शर्यतीचं वेड कुणाला, तर ज्याला एसटीतसुद्धा खिडकीची दांडी धरून बसावं लागायचं त्याला. सरांकडे एक सायकल होती, ती उतारावर ते हातात धरून चालवत न्यायचे. पानठेल्यावरची मंडळी मुद्दाम विचारायची, “काय मास्तर, आज किती स्पीड?” सर थांबायचे, सायकल स्टँडवर लावायचे आणि गंभीरपणे सांगायचे, “आज तिकडं पाणी पडून राहिलं होतं. चाकं बदलवावी लागली त्यायले.” विचारणाऱ्याचंच तोंड उतरायचं. मी एकदा विचारलं, सर, तुम्हाला वेगाची एवढी भीती, मग हे कशाला? म्हणाले, “गाडी किती जोरात गेली हे मी आयकत नाही बाई. ती घरी आली का नाही, हे आयकतो.”

अंकाच्या तळाशी दर वेळी एक ओळ असायची. ‘हे पत्रक कोणत्याही मोटार कंपनीचे, संघाचे वा शर्यत भरवणाऱ्यांचे नाही. यातील चूक आमची.’ मला भारी गंमत वाटायची. म्हटलं, “सर, या गल्लीतून निघालेला कागद मोनॅकोवाल्यांनी पाठवला असं कोण समजणार आहे?”

“कोणी समजो का न समजो. आपण कोण आहो, हे आपण सांगून ठेवा लागते.”

वाचक होते साठेक. लोधीखेड्याचा एक संत्र्यांचा व्यापारी, नागपूरच्या कॉलेजातली काही मुलं, बोरगावचा एक मेकॅनिक. हा मेकॅनिक अंक गॅरेजच्या भिंतीला चिकटवायचा आणि रागारागाने कार्डं लिहायचा. ‘मास्तर, गाडी वळणावर सोडून तुमी कुठं जाता जी? इथं आमचा जीव टांगणीले. कोण जिंकलं ते तरी सांगत जा!’ कोऱ्या जागेतलं काय ते पुढच्या अंकात यायचं, तेही नागपूरच्या पेपरात दोन ओळी सापडल्या तर. वर स्पष्ट लिहिलेलं, ‘पेपरावरून’. मला तो मेकॅनिक पटायचा. कुणालाही कळलं असतं पुढे काय झालं असेल ते. लिहून टाकायचं, त्यात काय! पण सर ऐकायचे नाहीत. “आपल्याले जेवढं आयकू आलं, तेवढंच आपलं,” एवढंच म्हणायचे आणि विषय संपायचा.

बाकीचे पत्ते मी टाइप करायची. एकच पत्ता सर स्वतःच्या हाताने लिहायचे, तोही पहिल्या छापील प्रतीवर. देवरावजी, पांढुर्णा. या देवरावजींचं कधी कार्ड आलं नाही, वर्गणी आली नाही, की अंक बंद करा असंही कळवलं नाही. हे कोण म्हणून विचारलं तर सर शाईचा रूळ पुसत बसायचे.

मग तो रविवार आला. सरांना ताप भरला होता. म्हणाले, “आज तुमी बसा बाई. इंग्रजी तुमचं चांगलं आहे.” मी बसले. आधी सगळं नीट चाललं होतं. मग वर्णन करणाऱ्याचा आवाज एकदम चढला. अकरा नंबरची गाडी भिंतीवर आदळली होती. चालवणारा पोरसवदा होता, त्या वर्षीच आलेला. माणसं धावत होती, त्याला गाडीतून ओढत होती, आणि तो... तेवढ्यात खरखर सुरू झाली. मी बटण फिरवलं, तार खिडकीबाहेर काढली, रेडिओ उचलून अंगणात नेला. काही नाही. नुसती खरखर.

सोमवारी स्टेन्सिल टाइपरायटरवर चढवलं आणि त्या जागेशी माझी बोटं थांबली. चार बोटं कोरा कागद, आणि त्यात एक मुलगा लटकलेला. मला ते बघवेना. मी टाइप केलं, ‘चालक सुखरूप बाहेर आला व त्याने प्रेक्षकांना हात केला.’ साठ प्रती काढल्या, त्या दिवशी देवरावजींचाही पत्ता टाइप केला आणि टपालात टाकून मोकळी झाले. वाईट वाटणं तर सोडाच, उलट बरं वाटलं.

बुधवारी सर आले. अंक वाचला. एका जागी बोट ठेवून विचारलं, “हात केला. हे आयकलं तुमी?”

मी टेबलावरचा पेपर उचलला.

“आयकलं का बाई?”

“नाही सर. आवाज गेला होता. पण आजच्या पेपरात आलं आहे, तो खरंच वाचला. साधं खरचटलंसुद्धा नाही!” मी पेपर पुढे केला. मला वाटलं, सुटले.

सरांनी पेपराकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. म्हटलं, पुन्हा ताप चढला. “तुमचं खरं निघालं,” ते म्हणाले. “माझं नव्हतं निघालं.”

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी त्यांचं इन्स्टिट्यूट पांढुर्ण्यात होतं आणि गल्लीत फोन तेवढा त्यांच्याकडे. शेजारी देवराव. त्यांची बायको नागपूरला ऑपरेशनसाठी भरती होती आणि देवराव संत्र्याच्या तोडणीसाठी दोन दिवस घरी आले होते. दुपारी मेव्हण्याचा ट्रंककॉल आला. “ऑपरेशन झालं, सांगजा त्यायले, आता...” एवढ्यात लाइन कटली. सरांनी अर्धा तास वाट पाहिली. फोन पुन्हा लागला नाही. मग देवरावच्या दारात जाऊन ते म्हणाले, ऑपरेशन झालं, आता बरं आहे, सावकाश या.

“अर्धं मी आयकलं होतं आणि अर्धं माझं होतं,” सर म्हणाले. “तो मेव्हणा म्हणून राहिला होता, आता लवकर निघा. देवरावनं माल भरला. तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी निवडक संत्र्यांची टोपली घेऊन गेला. ती आदल्या दिवशीच गेली होती. मले एक शब्द बोलला नाही तो. शिव्या दिल्या असत्या तर मी पांढुर्ण्यातच राह्यलो असतो.”

त्याच दिवशी ते एसटीने पांढुर्ण्याला गेले, देवरावकडून तो अंक परत घ्यायला. कितीतरी वर्षांनी जात होते. संध्याकाळी परतले तेव्हा हात रिकामे होते. “दारापर्यंत गेलो,” म्हणाले. “तो खाटेवर बसून वाचून राहिला होता.” आणि पुढच्या अंकात पहिलीच ओळ त्यांनी मला लिहून दिली. ‘मागील अंकात चालकाने हात केला असे आले आहे. ते आम्ही ऐकलेले नव्हते. मनाने लिहिले. दोष माझा. वामन.’ मी म्हटलं, सर, माझं नाव घाला. ते म्हणाले, टाइप करा. आणि मी टाइप केलं! आपल्या हाताने त्यांचं नाव घातलं आणि गप्प बसले. याची लाज मला अजून आहे.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. दम्याने. शेवटच्या दुपारी मी उशाशी होते. त्यांचे ओठ हलले, मी कान अगदी तोंडाशी नेला. श्वासाची घरघर तेवढी होती. मग तीही थांबली.

तेरावं झाल्यावर मी पांढुर्ण्याला गेले. देवरावजींना सांगायचं होतं, ती चूक माझी होती, सरांची नाही. म्हातारा दारातच भेटला. कापसासारखे केस, अंगात बंडी. मी कोण ते सांगितलं तसे आत गेले आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आले. सगळे अंक. एकही हरवलेला नाही.

“मले मोटारीतलं ठो समजत नाही बाई,” ते म्हणाले. “मी एवढंच पाहत होतो.” आणि त्यांनी एकेका अंकातल्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. “पहिल्या अंकातच समजलं मले, हा कोणासाठी लिहून राहिला ते.”

मी माझी चूक सांगितली. त्यांनी मान हलवली. “ते त्याचं नव्हतं, हे मले मालूम होतं. पत्त्यावर त्याचं अक्षर नव्हतं. आणि मंग तो इथं आला होता, त्या लिंबाखाली उभा होता. मी पाह्यलं. खाली मान घालून वाचायचं सोंग केलं.” त्यांनी दारासमोरच्या लिंबाकडे बोट दाखवलं. “‘ये’ म्हणायले काय झालं होतं मले! एकच तर अक्षर होतं.”

मग त्यांनी विचारलं, “तुमी होता ना जवळ? जाताना माझं नाव घेतलं का जी त्यानं?”

हो म्हणायला काय लागत होतं? कदाचित घेतलंही असेल. दुसरं कुणाचं घेणार होते सर? म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याच्या हातात ते सगळे कागद होते आणि ‘हो’ माझ्या ओठांवर आलेलं होतं. आजही एखाद्या रविवारी संध्याकाळी कुणाच्या घरचा रेडिओ खरखरला की मी त्या दारात उभी असते आणि तो म्हातारा मला तेच विचारत असतो.

“ओठ हलले होते,” मी म्हटलं. “मला ऐकू आलं नाही.”

देवरावजींनी डोळे मिटले. मग गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधायला घेतली. गाठ बसेना. मी सुतळीवर बोट धरलं, त्यांनी गाठ मारली.

“चहा घेऊन जा,” ते म्हणाले. “आत या.”