जहाजावरची झोप

“बरं, पुढं?” असे म्हणताना अक्का समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. एका हाताने फळीवरची बाटली काढत, दुसऱ्या हाताने पदर कमरेला खोचत त्या हे दोन शब्द बोलत. समोरचा शेतकरी सोयाबीनवरच्या अळीबद्दल सांगत असो की जावयाबद्दल, त्याला एवढेच उत्तर मिळे. तेवढ्यावर तो अळीपासून सुरू करून जावयापर्यंत येई. अक्का बाटली कागदात गुंडाळून त्याच्या हातात देत आणि म्हणत, “जावयाला औषिद न्हाई आमच्याकडं. अळीला हे मारा.”

मुखेडच्या बाजारपेठेत तुम्ही कधी गेला असाल, तर असे कृषी सेवा केंद्र तुम्ही पाहिले आहे. पाटीवर शेठचे नाव, भिंतीवर शेठच्या वडिलांचा फोटो आणि काउंटरमागे शेठची बायको. आमच्या दैनिकाचे तालुका कार्यालय या दुकानाच्या बरोबर वर आहे, त्यामुळे अक्कांचा आवाज मी रोज ऐकत आलो. शेठ माणूस वाईट नाही. कंपनीचा साहेब आला की त्याच्याशी बोलायला शेठ असत. साहेबाने गळ्यात मारलेला माल खपवायला अक्का असत.

दुकानातून आणखी एक आवाज वर येई. मागेच घर होते आणि घरात अक्कांच्या सासूबाई अर्धांगवायूने खाटेवर होत्या. त्यांना बोलता येत नसे. काही हवे असले की त्या चालत्या हाताने स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत. वाटी वाजली की अक्का वाक्य अर्धे सोडून आत जात आणि गिऱ्हाईक मुकाट थांबे. वाटी रात्रीही वाजे, हे सकाळी अक्कांच्या डोळ्यांखाली दिसे. सासूबाई दुसऱ्या कोणाच्या हातचे खात नाहीत, असे सगळे सांगत. दुसऱ्या कोणी भरवून पाहिलेच नव्हते, हे मला बरेच उशिरा कळले.

खते-औषधांच्या धंद्यात एक रीत आहे. ठरलेला माल उचलला की कंपनी दुकानदाराला सहल देते. तिकिटे नवरा-बायकोची असतात. जातात मात्र दोन पुरुष. दुकानदार आणि त्याचा साडू, नाहीतर मेहुणा. बायकांना तिकडचे खाणे चालत नाही, असे कारण दिले जाते. शेठ असेच बँकॉक, दुबई आणि बाली पाहून आले होते. प्रत्येक ठिकाणाहून ते फ्रीजला चिकटवायचे एक चित्र आणत. अक्का ती चित्रे पुसून जागच्या जागी ठेवत. एकदा मी विचारले, “यातलं तुम्हाला कोणतं आवडतं?” त्या म्हणाल्या, “हे उंटाचं. धूळ कमी बसती त्याच्यावर.”

यंदाची सहल जहाजावरची होती. मुंबईहून निघायचे, एक पूर्ण दिवस समुद्रात, मग गोवा आणि परत मुंबई. कंपनीने नियम बदलला. दुसऱ्या तिकिटावर बायकोचेच नाव हवे, बदली चालणार नाही. शेठच्या मेहुण्याने फुलांचे दोन शर्ट शिवून ठेवले होते. ते त्याला गावातच वापरावे लागले. सहलीची बातमी यावी म्हणून कंपनीने माझ्यासारखे एक-दोन बातमीदारही घेतले होते. म्हणून पुढचे मी पाहू शकलो.

सासूबाईंकडे पाहायला शिरूर अनंतपाळहून नणंदबाई आल्या. निघायच्या आदल्या दिवशी अक्का त्यांना समजावत होत्या. “भाकर दुधात कुस्करायची, पार लगदा करायचा. घास उजव्या बाजूनं द्यायचा. अन् गिळल्याबगर दुसरा द्यायचा न्हाई.”

नणंदबाई म्हणाल्या, “माझीच आई हाय वहिनी. मलाच शिकवायल्या का?”

“तसं न्हाई हो बाई,” अक्का म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

जहाज म्हणजे एक मोठे लग्नकार्य होते, फक्त नवरा-नवरी नव्हते. दिव्यांच्या माळा, काचेची लिफ्ट, गच्चीवर पोहण्याचे तळे, संध्याकाळी जादूचे प्रयोग आणि दिवसभर जेवण. आमच्या टेबलावर पाच माणसे होती. शेठ, अक्का, मी आणि उदगीरचे एक दुकानदार, ज्यांना सगळे सावकार म्हणत, सोबत त्यांची पत्नी. सावकार लिंगायत, गळ्यात इष्टलिंग धारण करणारे. पूजेशिवाय तोंडात पाणीही घेत नसत. पहिल्याच सकाळी पलंगावर मांडी घालून ते पूजेला बसले आणि जहाज डुलले. विभूती चादरभर सांडली. “चादर बदलनारा माझ्याकडं बगून हसायला लागला,” सावकार सांगत होते. “त्याला वाटलं, हे म्हातारं रातभर पावडर लावून झोपतंय.”

एकमेकांना अनुभव सांगणे हाच त्या जहाजावरचा मुख्य उद्योग होता. समुद्राकडे फारसे कोणी पाहत नव्हते. सिंगापूरची लिफ्ट मोठी की इथली, दुबईचा नाश्ता चांगला की इथला, यावर बोलणे चाले. अक्का ऐकत आणि मधूनच “बरं, पुढं?” म्हणत. दुपारपर्यंत त्यांच्या शेजारच्या खुर्चीला मागणी आली. सावकारांच्या पत्नीने दोन्ही सुनांची गोष्ट सांगून टाकली. परभणीकडच्या एका दुकानदाराने घराच्या वाटणीची सांगितली. अक्कांना मात्र कोणी काही विचारले नाही.

दुपारी किनाऱ्याची रेघही दिसेनाशी झाली तेव्हा त्या कठड्याशी उभ्या होत्या, मोबाइल मुठीत घट्ट धरून.

“भाऊ, फोन लागत न्हाई का इथून?”

“नाही. रेंज गेली. जहाजाचं इंटरनेट घेतलं तर लागेल.”

“न घेतलं तर?”

“तर नाही.”

“तिकडून बी कुनाला लावता येत न्हाई?”

“नाही येत.”

त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली आणि जवळच्या लांब खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने पाहिले तर चपला खाली, पाय पोटाशी आणि पदर तोंडावर. त्या झोपल्या होत्या. शेजारी गाणी वाजत होती, तळ्यात माणसे उड्या मारत होती. त्या जेवायला उठल्या, जेवल्या आणि पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन झोपल्या. जादूचे प्रयोग झाले, कप्तान येऊन हात मिळवून गेला. अक्कांनी यातले काही पाहिले नाही.

शेठ अस्वस्थ झाले. “झोपायला आलो का आपन इथं? मुखेडला खाट नव्हती का?”

सावकारांची पत्नी म्हणाली, “झोपू द्या की हो शेठजी. जहाज काय पळून जायलंय का?”

“पळूनच जायलंय की. गोवा आला उद्या.”

संध्याकाळी जेवणाच्या दालनात कोणा वाढप्याच्या हातून वाटी ताटावर आपटली. अक्का हातातल्या घासासकट उभ्या राहिल्या. त्यांनी दार कुठे आहे ते पाहिले, आम्हाला पाहिले आणि खाली बसल्या. शेठ ताटातला भात चिवडत राहिले.

गोवा जवळ आला तसे सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजू लागले. आम्ही चहा घेत होतो. शेठच्या मोबाइलवर नणंदबाईंचे बरेच कॉल दिसत होते. त्यांनी लावला. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. आई तोंडच उघडत नाही. काल सकाळपासून पोटात काही नाही. दूध घातले तर बाहेर येते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाहू, नाहीतर नांदेडला हलवा.

शेठ उठले. “सामान भर. इथूनच उतरू. हैदराबादचं विमान भेटलं तर देगलूरवरून सांजच्याला घरी पोचतो.”

अक्का बसून होत्या. त्यांनी चहा बशीत ओतला. थोडा टेबलावर सांडला. तो त्यांनी पदराने पुसला.

“ऐकलीस का? ऊठ.”

“मी येत न्हाई,” अक्का म्हणाल्या.

“म्हंजे?”

“म्हंजे तुमी जावा. मी उद्या येते, जहाजासंग.”

शेठना आधी राग आला नाही; त्यांना कळलेच नाही. ते सावकारांकडे पाहून थोडे हसले. मग म्हणाले, “अगं, ती तुझ्याच हातचं खाती.”

“तुमी दिलंय का कधी?”

“मला काय जमतंय ते? मी कधी भरवलंय?”

“मी बी पयल्या दिवशी कधी भरवलं नव्हतं.” त्या आवाज न चढवता बोलत होत्या, गिऱ्हाइकाशी बोलत तशाच. “भाकर कुस्करायची. उजव्या बाजूनं द्यायचा घास. तुमची आई हाय. तुमचं तोंड बगून तरी खाईल.”

“अन् न्हाई खाल्लं तर?”

अक्कांनी बशी तोंडाला लावली. कंपनीच्या माणसाने जहाजाच्या कार्यालयात जाऊन त्यांच्या एकट्याच्या उतरण्याची व्यवस्था केली. ते बॅग ओढत निघाले तेव्हा अक्का दारापर्यंत गेल्या आणि दुधाची साय काढून घ्यायला सांगून परत आल्या.

तासाभरात ही गोष्ट सगळ्या दुकानदारांत पसरली. आदल्या दिवशी अक्कांशेजारी खुर्ची मागणारे आता दुसऱ्या टेबलावर बसले. सावकारांची पत्नी माझ्याजवळ हळूच म्हणाली, “मन लई घट हाय बाई हिचं.” सावकार म्हणाले, “खामोश बस.” एवढेच.

दुपारी अक्का खुर्चीत होत्या, पण झोपल्या नव्हत्या. मी जवळून गेलो तसे त्यांनी विचारले, “म्हातारं मानूस किती दिवस निघतंय भाऊ, बिनाअन्नाचं?”

मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले.

“मालकानं एक घास जरी दिला ना,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, “मी गेले असते तर तिनं खाल्लं असतं. अन् मग मी मरूस्तोवर तिथंच राहिले असते. मला तिचा राग न्हाई. मला नुसतं झोपायचं हाय.” मोबाइल त्यांच्या मांडीवर होता. जहाज निघाले, थोड्या वेळाने रेंज गेली. तोवर शेठचा फोन आला नव्हता. त्यांनी तोंडावर पदर घेतला. झोप लागली की नाही ते मला सांगता येणार नाही, पण संध्याकाळपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी कंपनीचा समारोपाचा कार्यक्रम होता. प्रत्येक जोडप्याने पुढे येऊन सहलीचा अनुभव सांगायचा. माणसे माइक हातात घेत, ‘अविस्मरणीय’ म्हणत, कंपनीचे आभार मानत आणि फोटो काढून घेत. सूत्रसंचालक मुलगी पुण्याची होती. तिला काही ठाऊक नव्हते. तिने यादीप्रमाणे मुखेडचे नाव पुकारले. कोणी उठेना तसे पुन्हा पुकारले. अक्का उठल्या. चालताना त्यांनी पदर नीट केला.

“मी झोपले,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. अक्का टाळ्या संपायची वाट पाहत उभ्या राहिल्या. “घरी आमची सासू उपाशी हाय. ते तुमा सगळ्यायला ठाव हाय. तरी काल मला झोप लागली. लई वर्सांनी लागली. कंपनीनं नावं बदलू दिली न्हाईत म्हनून लागली. तेवढंच सांगायचं होतं.”

त्यांनी माइक मुलीच्या हातात दिला. मग गाणे लावले गेले.

मुंबईच्या धक्क्यावर उतरताना अक्कांचा मोबाइल वाजला. गर्दीत त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून त्या बॅगेवरच बसल्या आणि एक कान हाताने झाकून घेतला. शेठ काही तरी सांगत होते. अक्का म्हणाल्या, “निम्मं सांडलं तर सांडू द्या. निम्मं गेलं ना पोटात.” मग त्या त्याच बॅगेवर इतका वेळ बसून राहिल्या की मागच्या लोकांना वळसा घालून जावे लागले.

या गोष्टीला आता दोन पावसाळे होऊन गेले. गावात बोलायचे ते बोलले गेले. सासू उपाशी ठेवून जहाजावर नाचली, असेही ऐकले. नणंदबाई अजून अक्कांशी बोलत नाहीत. सासूबाई आहेत. दुपारचा आणि संध्याकाळचा घास शेठ भरवतात. शर्टावर दुधाचे डाग घेऊन ते काउंटरवर येतात आणि कंपनीच्या साहेबालाही थांबायला सांगतात. पुढच्या सहलीची तिकिटे त्यांनी परत केली.

दुपारी अक्का काउंटरवर नसतात. शेठनेच तसा नियम केला आहे. कोणी त्यांची चौकशी केली की शेठ तोंडावर बोट ठेवतात. “आत झोपलीय. हळू बोला.” आणि गिऱ्हाईक हळू बोलते. धडधाकट माणसे पायरीखाली जोडे काढून येतात, कानाला लागून युरिया मागतात. हमाल पोती फेकत नाहीत, टेकवतात. शेठच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान असते, ते मी बालीहून आल्यावरही पाहिले नव्हते.

अक्कांनी मला एकदा जिन्यात गाठून सांगितले होते, “घरी झोप लागतच न्हाई भाऊ. नुसती पडून राहते. मालकाला सांगू नका.”

मी सांगितलेले नाही. खाली दुकानभर माणसे कुजबुजत असतात, आणि मागच्या खोलीत अक्का भिंतीकडे तोंड करून, कोणाला कळू नये म्हणून कूसही न बदलता, जाग्या पडून असतात.